शब्दचर्चा: ‘५ अ‍ॅक्सिस’, ‘३+२’, ‘लीड’, ‘टिल्ट’

प्रश्न
आमच्या सीएनसी मिलिंग मशीनच्या सेटअप शीटवर (जॉब कसा लावायचा त्याच्या कागदावर) सरसकट ‘५ अ‍ॅक्सिस’ लिहितात. त्याच कामाला कोणी ‘३+२’ म्हणतं, कोणी ‘सायमल्टेनियस’, कोणी नुसतं ‘मल्टिअ‍ॅक्सिस’. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? आणि ‘लीड’ व ‘टिल्ट’ या दोन्हींना मराठीत ‘झुकाव’ म्हटलं तर बिघडतं का? नव्या मुलांसाठी मराठीत टिपणं काढतोय, म्हणून विचारतो.

प्रतिसाद
नाही चालत. मशीनला पाच अक्ष असणं वेगळं आणि कट चालू असताना पाचही अक्ष हलणं वेगळं. एक्स, वाय, झेड हे सरळ सरकणारे. ए, बी, सी हे अनुक्रमे त्यांच्याभोवती फिरणारे. ‘३+२’मध्ये फिरणारे दोन अक्ष आधी कोनात नेऊन क्लॅम्प करायचे आणि मग नेहमीचा तीन अक्षांचा टूलपाथ (टूलचा मार्ग) चालवायचा. कट मारताना तेही सोबत फिरत राहिले तरच ‘सायमल्टेनियस’. ‘मल्टिअ‍ॅक्सिस’ हा मोघम शब्द आहे, शीटवर नकोच.

हा फरक प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्या ओळींतच दिसतो. कोड कंट्रोलरप्रमाणे बदलतात: ‘३+२’साठी फानुकवर जी६८.२ आणि जी५३.१, सीमेन्सवर सायकल८००, हायडेनहाइनवर प्लेन. सायमल्टेनियससाठी फानुकवर जी४३.४, सीमेन्सवर ट्राओरी, हायडेनहाइनवर एम१२८. शीटवर एक आणि प्रोग्रॅममध्ये दुसरंच दिसलं, तर प्रोग्रॅमरला विचारल्याशिवाय सायकल स्टार्ट दाबू नये.

टिपणात हेही जरूर घाला: ‘३+२’ने काम होत असेल तर तेच निवडावं. फिरणारे अक्ष घट्ट धरलेले असतात आणि जॉब (कापायचा तुकडा) कलता केल्यामुळे आखूड टूल पुरतं. टूलचं वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. त्याच जाडीचं टूल होल्डरबाहेर ८० ऐवजी ६० मिमी ठेवलं, तर तेवढ्याच जोरात ते निम्म्याहूनही कमी वाकतं. पाचही अक्ष एकदम हलवणं हे इम्पेलरची (पंपातल्या फिरत्या चाकाची) पाती किंवा वळणाऱ्या पोर्टसाठी राखून ठेवा.

प्रतिसाद
‘झुकाव’बद्दल. लीड म्हणजे फीडच्या, म्हणजे टूल पुढे सरकण्याच्या, दिशेतला टूलचा कल, टिल्ट म्हणजे त्या दिशेला काटकोनातला. दोन्हींना एकच शब्द दिलात तर वाचणारा चुकीच्या रकान्यात आकडा भरेल. ‘पुढचा कल’ आणि ‘बाजूचा कल’ म्हणा, नाहीतर लीड-टिल्टच राहू द्या. मी तरी मूळ शब्दच ठेवीन, कारण कॅमच्या (टूलपाथ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) पडद्यावर तेच दिसतात.

कल द्यायचाच कशाला, हे मुलांना आकड्यांनी दाखवा. १० मिमीचा बॉल नोज (गोल टोकाचं टूल), कटची खोली ०.२ मिमी, स्पिंडल ८००० आरपीएम. कागदावर कटिंग स्पीड येतो २५१ मीटर प्रतिमिनिट. पण टूल सपाट जागेवर सरळ उभं असेल तर प्रत्यक्ष कापणारा जास्तीत जास्त व्यास फक्त २.८ मिमी, म्हणजे स्पीड ७० मीटर. आणि ऐन टोकाला शून्य. तिथे टूल कापत नाही, घासतं. तेच टूल योग्य बाजूला १५ अंश कलवलं की कापणारा व्यास साधारण ५.२ मिमी होतो आणि स्पीड १३० मीटरच्या आसपास जातो. फिनिशिंगमधला फरक नखाने कळतो.

प्रश्नकर्ता
मग सगळीकडे १५ अंश लीड देऊन टाकू?

प्रतिसाद
झिगझॅग पास असेल तर सांभाळून. लीड फीडच्या दिशेशी बांधलेला असतो. परतीच्या पासला दिशा उलटली की टूलही उलट्या बाजूला कलायला बघतं आणि प्रत्येक वळणावर फिरणारे अक्ष मोठी उडी घेतात. तिथे एकाच दिशेने पास मारा किंवा बाजूचा कल वापरा. होल्डर कुठे लागतो का, हे सिम्युलेशनमध्ये होल्डर आणि फिक्स्चरसकट (जॉब धरणाऱ्या साच्यासकट) तपासा. नुसतं टूल दाखवणारं सिम्युलेशन याला पुरत नाही.

‘सिंग्युलॅरिटी’ला मराठी शब्द शोधत बसू नका, अर्थ सांगा. टूल सी अक्षाला जवळपास समांतर आलं की कलाची दिशा बदलायला सी ला भलतंच फिरावं लागतं. अर्धा अंश इकडून अर्धा अंश तिकडे जायचं, तर टेबल १८० अंश फिरू शकतं आणि तेवढ्यात जॉबवर डाग पडतो. फिक्स्चरमध्ये जॉब आधीच काही अंश कलता बांधला, तर ती जागा कटच्या बाहेर जाते.

प्रतिसाद
‘फीड’ही यादीत घ्या. जी९३ चालू असेल तर एफ म्हणजे मिमी प्रतिमिनिट नव्हे. तो त्या ब्लॉकला लागणाऱ्या मिनिटांचा व्यस्त आकडा. ५० मिमीची चाल ५०० च्या फीडने ०.१ मिनिटात होते, म्हणून तिथे एफ१० लिहिलेलं येतं. नवा ऑपरेटर ते वाचून फीड फार कमी ठेवलाय असं समजतो आणि ओव्हरराइड (फीड कमी-जास्त करायचं बटण) वाढवत नेतो.