गोपनीय पत्र पंपावर पोचायला सहा आठवडे

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी, सांगलीजवळच्या एका पाणीपुरवठा योजनेवर ऑपरेटर आहे, बहुतेक रात्रपाळीच असते. पूर्वी जॅकवेलवर (नदीतलं पाणी उचलायची विहीर) फोन करून "दोन नंबर चालू कर रे" असं सांगायला लागायचं, आता स्काडा बसवलाय, स्क्रीनवर क्लिक केलं की पंप चालू, टाकी किती भरली तेही तिथंच दिसतं. कंट्रोलरच्या (पंप चालू-बंद करणारा छोटा कॉम्प्युटर) पेटीत सिमकार्डवाला मॉडेम आहे, काही बिघडलं की कंत्राटदाराचा माणूस पुण्यात बसूनच आत शिरतो आणि दुरुस्त करून देतो.

तर परवा फाईल शोधताना एक पत्र हाताला लागलं, वर लाल शिक्का, गोपनीय. मजकूर एवढाच की परदेशातल्या यंत्रणेकडनं माहिती आलीय, अशा कंट्रोलरवर हल्ले होतायत, मूळ पासवर्ड बदला, मॉडेम थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका. तारीख बघितली तर सहा आठवड्यांपूर्वीची! साहेबांना विचारलं तर म्हणाले गोपनीय होतं म्हणून खाली दिलं नाही. आणि पासवर्ड बसवताना होता तोच, पेटीच्या दारावर आतनं स्केचपेननं लिहिलेला. घरी गेल्यावर डोळ्याला डोळा लागला नाही. दोन देशांची सरकारं एकमेकांना अशी माहिती देतात ती कुठनं कुठं जाते, आणि जो बटणापाशी बसलाय त्याच्यापर्यंत ती यावी अशी काही सोय आहे का नाही?

कराडकर_निवृत्त
दादा, बरं झालं विचारलंत. मी वीज खात्यात उभी हयात काढली. वाट साधारण अशी असते, परदेशी यंत्रणा आपल्या सर्ट-इनला, म्हणजे सायबर हल्ल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेला, कळवते (अमेरिकेशी तर २०११ सालीच करार झालाय), सर्ट-इन नाहीतर एनसीआयआयपीसी (वीज-पाण्यासारख्या महत्त्वाच्या यंत्रणा जपणारी केंद्राची संस्था) ते मंत्रालयाला, मंत्रालय कंपनीला, मग सर्कल, मग डिव्हिजन, मग कुठं सबस्टेशन, आणि वाटेत प्रत्येक टेबलावर कागद मुक्काम करतो.

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची लाईट गेलेली आठवत असेल. ती सायबर हल्ल्यानं गेली का माणसाच्या चुकीनं यावर राज्याचं आणि केंद्राचं म्हणणं वेगवेगळं होतं, तो वाद राहू दे. पण ऊर्जा मंत्रालयानं नंतर जे सांगितलं ते लक्षात ठेवा, शॅडोपॅड नावाच्या मालवेअरबद्दल (घातक सॉफ्टवेअर) सर्ट-इनचा मेल १९ नोव्हेंबर २०२० ला आला, रेडइको या हल्लेखोर गटाबद्दल एनसीआयआयपीसीचा मेल १२ फेब्रुवारी २०२१ ला, आणि त्यातले आयपी पत्ते आणि डोमेन, म्हणजे हल्लेखोरांचे इंटरनेटवरचे पत्ते, सगळ्या कंट्रोल सेंटरच्या फायरवॉलवर ब्लॉक केले. म्हणजे कामाला काय आलं, तर पत्त्यांची यादी. कुणी शोधलं, कसं शोधलं, खबर कुणी दिली हे खाली यायचं कारणच नाही, झाकायचं ते हे. यादी झाकून काय उपयोग?

हरिपूर_संगम
मला कॉम्प्युटरमधलं कळत नाही पण पुरातलं कळतं. २०१९ ला आमच्या दारात पाणी आलं तेव्हा अलमट्टीतनं किती सोडतायत आणि कोयनेतनं किती येतंय हे नीट कळेना, नुसत्या अफवा. त्यानंतर दोन्ही राज्यांच्या पाटबंधारे खात्यांनी पातळी आणि विसर्ग एकमेकांना कळवत राहायचं ठरवलं, आता पावसाळ्यात क्युसेकचे आकडे आमच्या मोबाईलवर येतात. आयर्विन पुलाला ४५ फूट म्हणजे धोका, एवढं कळलं की आम्ही जनावरं सोडतो. धरणाचा नकाशा कोण मागतोय?

वाईचा_वाटाड्या
पण सगळं उघडं केलं तर हल्ला करणाराही तेच वाचणार ना? आणि ज्या देशानं माहिती दिली त्यानं "पुढं देऊ नका" म्हटलं असेल तर आपण मोडायचं का? एकदा मोडलं की पुढच्या वेळी कोण सांगेल आपल्याला. मला साहेबांची बाजू अगदीच चूक वाटत नाही.

मिरज_नेटवर्क
वाईकर, मुद्दा बरोबर आहे, त्यासाठीच तर माहितीला रंग द्यायची पद्धत आहे. लाल म्हणजे ज्यांना दिली त्यांच्यापुरती, अंबर म्हणजे आपल्या संस्थेत आणि तिच्या ग्राहकांत ज्यांना गरज आहे त्यांना, हिरवा म्हणजे त्या क्षेत्रातल्या सगळ्यांना, आणि क्लिअर म्हणजे खुशाल सांगा. पत्रातली "पासवर्ड बदला" ही ओळ कुठल्याही हिशोबानं लाल नाही. अंबर जरी धरली तरी ऑपरेटरला मिळायलाच पाहिजे होती, गरज त्यालाच आहे.

कृष्णाकाठ, तुमच्यासारखंच झालेलं सांगतो. नोव्हेंबर २०२३, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातलं अलिक्विपा नावाचं छोटं गाव, तिथल्या पाण्याच्या बूस्टर स्टेशनवरचा इस्रायली बनावटीचा कंट्रोलर इराणशी जोडलेल्या गटानं ताब्यात घेतला. लोकांनी पंप हातानं चालवले, पाणी बंद पडलं नाही. आणि १ डिसेंबरला, म्हणजे आठवडाभरात, अमेरिका आणि इस्रायल दोघांच्या यंत्रणांनी मिळून सूचना काढली, अगदी उघड, त्यात मूळ पासवर्ड ११११ आहे तो बदला इथपर्यंत लिहिलेलं. हल्लेखोराला तो आधीच माहीत होता, माहीत नव्हता तो पंपावरच्या माणसाला.

आणि विश्वासाचं म्हणाल तर भारत-पाकिस्तान १९९२ पासून दर १ जानेवारीला आपापल्या अणुप्रकल्पांची यादी एकमेकांना देतात, त्यावर हल्ला करायचा नाही म्हणून. १९८८ चा करार आहे. वैरी असून देतात, मग एकाच खात्यातल्या दोन मजल्यांना काय अडचण?

वाईचा_वाटाड्या
पटलं. पण मग रंग पत्रावरच छापायला पाहिजे, नाहीतर भीतीपोटी प्रत्येकजण गोपनीयच धरणार.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार, साहेबांशी बोललो, त्यांनाही हे रंगाचं माहीत नव्हतं, रागावले नाहीत. पासवर्ड बदलला, दारावरचा स्पिरिटनं पुसला, कंत्राटदाराला सांगितलं की आधी फोन करायचा मगच मॉडेम चालू करू. अलिक्विपाचं वाचून पॅनेलवरचा लोकल-रिमोट स्विच (पंप तिथनं हातानं चालवायचा का स्क्रीनवरनं, ते ठरवणारा) फिरवून बघितला तर हलेचना, स्काडा आल्यापासून कुणी हात लावला नव्हता. काल रात्री ग्रीस घालून मोकळा केला आणि पहाटे चारला दोन नंबरचा पंप हातानं चालवून बघितला, चालला. आता पंपावरच्या दोन्ही पोरांना शिकवतोय.