मदत हवी आहे : छात्राध्यापकांच्या पोर्टफोलिओत खरे आत्मचिंतन कसे आणावे?

छात्राध्यापकांना, म्हणजे शिक्षक होण्याचे प्रशिक्षण घेणाऱ्यांना, स्वतःच्या शिकण्याकडे तटस्थपणे पाहता यावे म्हणून आम्ही त्यांच्याकडून पोर्टफोलिओ (स्वतःच्या कामाचा आणि त्यावरील चिंतनाचा संग्रह) तयार करून घेतो. परंतु पाठटाचणे (पाठांचे लेखी नियोजन), निरीक्षकांचे शेरे आणि प्रमाणपत्रे एकत्र लावली की काम झाले, असा बहुतेकांचा समज असतो. गिब्ज यांच्या १९८८ मधील चिंतनचक्राचे सहा टप्पे (वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, कृती आराखडा) दिले, तर वर्णन पानभर येते आणि विश्लेषण मात्र ‘वेळ कमी पडला’ एवढ्यावर आटोपते. एका छात्राध्यापिकेने, मुलांना १/३ पेक्षा १/४ मोठा का वाटला याचा शोध घेऊन टाचण नव्याने लिहिले आणि जुनी प्रत, त्यावरच्या खाडाखोडीसह, शेजारीच लावली. मला अपेक्षित आहे ते हेच. पण ते निव्वळ सूचना देऊन साधत नाही. शिवाय पोर्टफोलिओला गुण असल्यामुळे उणिवा झाकण्याकडे कल राहतो (आणि यात त्यांना दोष देणे मला योग्य वाटत नाही). चिंतनाच्या नोंदींना गुण न देताही त्यांचे गांभीर्य कसे टिकवावे? कोणते प्रश्न विचारल्यावर विश्लेषण खोलवर गेले? सत्राच्या मध्यावर पोर्टफोलिओ समोर ठेवून केलेल्या चर्चेचा उपयोग होतो का? ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी, शक्य असल्यास प्रश्नांच्या नमुन्यासह, कृपया कळवावे.