टीसीबीएसवरच्या पिवळ्या कॉलनी हिरव्या झाल्या, जर्नलमध्ये काय लिहू?

खाडीकाठची
मी रत्नागिरीला एस.वाय.ला आहे, मायक्रोबायोलॉजी. प्रोजेक्टसाठी भाट्याच्या खाडीतल्या तिसऱ्या आणल्या (निम्म्या लॅबला, निम्म्यांचं आईने एकशिपी करून टाकलं). मांस कुटून अल्कलाइन पेप्टोन वॉटरमध्ये (जंतू वाढवायचं द्रावण) सहा तास ठेवलं, मग टीसीबीएसवर (व्हिब्रिओ जातीचे जंतू शोधायचं अगार) रेघा ओढून स्ट्रीक केलं. सकाळी बघते तर बहुतेक कॉलनी (जंतूंचे ठिपके) पिवळ्या, चार-पाच हिरव्या. रफ वहीत तसं लिहिलं. शिमग्याला पालखी घरी येणार होती, म्हणून प्लेट फ्रीजमध्ये टाकून गावी गेले. तीन दिवसांनी मॅडमना दाखवायला काढली तर पिवळ्यांतल्या निम्म्याहून जास्त हिरवट! मॅडम म्हणाल्या, वहीत पिवळं, प्लेटवर हिरवं, खरं कुठलं? वर 'गोल, पिवळी, चकचकीत' यावर लाल रेघ मारून 'अपुरं' असा शेरा. कंटॅमिनेशन झालं का? आणि गोल ती गोलच ना, आणखी काय लिहायचं?

भरती_ओहोटी
फ्रीजमधली जुनी प्लेट दाखवायचीच नाही. फेकून दे आणि नवीन लाव.

जुना_लॅबवाला
फेकायच्या आधी ऑटोक्लेव्ह कर, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मार, एवढं तरी सांगा हो पोरीला.

बाय, कंटॅमिनेशन नाही. वही खरी आणि प्लेटही खरी. टीसीबीएस मुळात हिरवं असतं, पीएच 8.6च्या आसपास. त्यात ब्रोमोथायमॉल ब्लू आणि थायमॉल ब्लू हे दोन रंग आणि सुक्रोज, म्हणजे आपली घरातली साखर. जो जंतू ती साखर खातो तो आम्ल सोडतो आणि रंग पिवळा पडतो. साखर संपली की तोच जंतू मीडियममधल्या पेप्टोनकडे, म्हणजे प्रथिनांच्या तुकड्यांकडे, वळतो, अल्कली तयार होते, पिवळं परत हिरव्याकडे जातं. फ्रीजमध्ये ठेवलेल्या प्लेटवरही पिवळं हिरवं होतं. म्हणून ही प्लेट 18 ते 24 तासांत, इन्क्युबेटरमधून काढल्या काढल्या वाचायची. वेळ लिहिली नाहीस हीच तुझी चूक. 'टीसीबीएस, 37 अंश, 20 तास' एवढं वर असतं तर मॅडमनी विचारलंच नसतं.

म्हणजे तो पिवळा रंग मीडियमचा, जंतूचा नव्हे. सेरेशिया नावाच्या जंतूचा लाल मात्र त्याचा स्वतःचा, तो साध्या न्यूट्रिएंट अगारवरही दिसतो, आणि 37 अंशांपेक्षा खोलीच्या तापमानाला जास्त चढतो.

आता 'गोल'. आमचे सर कॉलनीची कड घरातल्या वस्तूंवरून शिकवायचे. वाटीच्या कडेसारखी सरळ असेल तर एंटायर. करंजीच्या मुरडीसारखी असेल तर स्कॅलप्ड. घावण्यासारखी वेडीवाकडी असेल तर इर्रेग्युलर. काथ्याचे दोरे सुटल्यासारखी असेल तर फिलामेंटस. तीस वर्षं झाली, अजून करंजी बघितली की मला प्लेट आठवते. बायको वैतागते.

उंची वरून कळत नाही. प्लेट डोळ्यांच्या पातळीला धरून बाजूने बघ: सपाट, फुगीर, का मधे बोंडी आहे. न्यूमोकोकस या जंतूची कॉलनी ब्लड अगारवर मधे खचते, सोंगटीसारखी, कारण मधले जुने जंतू स्वतःच विरघळतात. माप मिलिमीटरमध्ये, प्लेटच्या मागून पट्टी लावून, आणि सुट्या कॉलनीचंच. गर्दीतल्या उपाशी राहून बारीकच राहतात. आरपार दिसतं का ते बघायला प्लेट वर्तमानपत्रावर धरायची. साध्या अगारवर हे छान जमतं, टीसीबीएसच्या गडद हिरव्यावर तेवढं नाही. शेवटी लूप (तारेचं कडं) लावून बघ. लोण्यासारखी उचलली जाते, कोरडी आहे, का तार येते? मॅकॉन्की अगारवर क्लेबसिएला हा जंतू बघितलास तर कळेल: गुलाबी आणि बरक्या फणसाच्या गऱ्यासारखी बुळबुळीत.

वास घेऊ नकोस. आम्ही घ्यायचो, वाईट सवय होती.

आणि नाव घाईने लिहू नकोस. पिवळी कॉलनी कॉलऱ्याच्या व्हिब्रिओची असते तशी व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकसचीही असते. हिरवी व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसची असू शकते. दोन्ही रंगांतली एकेक सुटी कॉलनी मीठ घातलेल्या न्यूट्रिएंट अगारवर घे आणि ग्रॅम व ऑक्सिडेज या ओळख पटवायच्या चाचण्या तिथूनच कर. टीसीबीएसवरून थेट ऑक्सिडेज केलीस तर आम्लामुळे खोटी निगेटिव्ह येते. मीठ विसरलीस तर पॅराहिमोलिटिकस उगवणारच नाही.

भरती_ओहोटी
काकांचं बरोबर, मी घाई केली. एक भर घालतो. आपल्याकडच्या दमट हवेत झाकणावर पाणी जमतं. नवीन प्लेट आधी नीट सुकव आणि उलटी ठेव, नाहीतर थेंब पडून कॉलनी एकमेकींत वाहतात आणि कड बघायला उरतच नाही.

खाडीकाठची
नवीन प्लेट लावली. आत्ताच काढली, लगेच लिहिलं. बघाल का?
'टीसीबीएस, 37 अंश, 20 तास. कॉलनी अ: 3 मिमी, गोल, कड सरळ, किंचित फुगीर, गुळगुळीत, चमकदार, अपारदर्शक, पिवळी, लोण्यासारखी. कॉलनी ब: 2 मिमी, बाकी तशीच, कडेला हिरवी, मधे निळसर हिरवी.'

जुना_लॅबवाला
चांगलं आहे. 'अ'च्या भोवतालचं मीडियम पिवळं झालंय का, आणि किती लांबवर, तेही लिही. फ्रीजमध्ये टाकायच्या आधी.