विषय: पुण्यातला कौतुक सोहळा – १४ नावं आली आहेत

मंडळी, नमस्कार.

जानेवारीत आपल्यातले निम्मे लोक पुण्यात असतात, म्हणून यंदाचा कौतुक सोहळा तिथेच करायचं ठरलंय. पुण्यात शिकलेले, शिकत असलेले आणि शिकवणारे, अशा तिन्ही गटांत मिळून १४ नावं आली. यादी सोबत जोडली आहे. प्रत्येकाला शाल, श्रीफळ आणि तीन मिनिटं. जेवणात मसालेभात आणि जिलबी. हरकती रविवारपर्यंत कळवा.

– कार्यवाह

*

पुनश्च: १४ नावं आली आहेत

हरकत आहे.

यादी दोनदा वाचली. चौदापैकी अकरा जणांच्या नावापुढे 'व्हाइस प्रेसिडेंट', 'डायरेक्टर' आणि कंपनीचं नाव. केलं काय, ते एकाच्याही पुढे नाही. विद्यार्थी दोन, शिक्षक एक. सोहळा आहे की भरती मेळावा?

रँग्लर परांजपे फर्ग्युसनचे विद्यार्थी. १८९९ मध्ये केंब्रिजला गणिताच्या परीक्षेत पहिला नंबर काढून सीनियर रँग्लर झाले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय. परत आले आणि १९०२ मध्ये त्याच फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. तुमच्या फॉर्मात 'सध्याचा हुद्दा व कंपनी' हा रकाना आहे, तो त्यांनी कसा भरला असता, याचा विचार करतोय.

– सीओईपीवाला काका
(सीओईपी हे पुण्यातलं जुनं इंजिनिअरिंग कॉलेज २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. तेव्हा 'पुणे विद्यापीठाचे' असं सरसकट लिहू नये.)

*

पुनश्च: पुनश्च: १४ नावं आली आहेत

काका, टोमणा पोचला. पण लोक जे कळवतात तेच यादीत येणार ना? पर्याय सुचवा.

– कार्यवाह

*

पुनश्च: पुनश्च: पुनश्च: १४ नावं आली आहेत

नमस्कार. यादीतली ती एकटी शिक्षक मीच. माझं नाव लेकीने मला न विचारता दिलंय. तीस वर्षं बी.एस्सी.ला फिजिक्स शिकवलं, आता कोथरूडला असते.

कार्यवाह, पर्याय मी सुचवते. हुद्दा न सांगता एका वाक्यात काम सांगायला लावा. जमलं नाही तर जिलबी आहेच.

उदाहरण देते. आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतले संजीव धुरंधर. (काका, आयुका विद्यापीठाच्या आवारात असली तरी विद्यापीठाचा विभाग नाही, हे मलाही ठाऊक आहे.) गणपतीच्या मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर ढोल-ताशांच्या दणक्यात आपल्या मुलाची हाक ऐकू येते. कशी? तो आवाज आधीपासून कानात बसलेला असतो म्हणून. गुरुत्वीय लहरींचं, म्हणजे खुद्द अवकाशात उठणाऱ्या तरंगांचंही तसंच. लहर अतिशय क्षीण, भोवती गोंगाट प्रचंड. म्हणून दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळताना लहरीचा आकार कसा असेल ते आधी गणिताने काढायचं, मग तशा कितीतरी नमुन्यांशी यंत्राची नोंद ताडून बघायची. हे नमुने कसे निवडायचे, यावर धुरंधर आणि सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये पेपर लिहिला. तेव्हा अमेरिकेतल्या लायगोचं, म्हणजे या लहरी टिपणाऱ्या यंत्राचं, बांधकामही सुरू झालं नव्हतं! पहिली लहर नोंदली गेली १४ सप्टेंबर २०१५ ला आणि जगाला कळलं ११ फेब्रुवारी २०१६ ला. ती खरीच आहे याची खात्री करताना हीच ताडून बघण्याची पद्धत कामी आली.

मधली चोवीस वर्षं तुमच्या फॉर्मात कुठल्या रकान्यात लिहिणार? तेव्हा कोणी विचारलं असतं, 'यंदा काय मिळवलंत?' तर सांगायला काय होतं?

आणि विद्यार्थी दोनच का? नारळीकर सरांकडे मुलं सही मागायला आली की ते म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न पाठव, उत्तराखाली सही मिळेल. माझ्या वर्गातल्या पोरांना मी दरवर्षी हे सांगायची. स्वतः मात्र कधी कार्ड टाकलं नाही. प्रश्न बाळबोध वाटेल म्हणून लाजले. आता सर गेले, २० मे २०२५ ला. तर सोहळ्यात मुलांना बोलवा, त्यांच्या हातात कोरी कार्डं द्या आणि सत्कारमूर्तींना प्रश्न विचारू द्या. एक वाक्य कोणाला जमतंय तेही कळेल.

माझं नाव काढलंत तरी चालेल. जेवायला येईन.

– कोथरूडची मावशी

*

पुनश्च: पुनश्च: पुनश्च: पुनश्च: १४ नावं आली आहेत

मावशी, तुमचं नाव काढणार नाही, लेकीने दम दिलाय.

नवा फॉर्म आज पाठवला. हुद्द्याचा रकाना उडवला, त्या जागी 'काय केलं, एका वाक्यात' आणि 'कोणी शिकवलं' असे दोन रकाने. आत्तापर्यंत चौघांनी परत भरून दिलाय. तिघांनी 'विचार करून कळवतो' म्हटलंय. एकाने शिक्षकाच्या रकान्यात 'स्वतः' लिहिलंय, त्याच्याशी काका बोलतील.

काका, फर्ग्युसनचं तुम्हाला इतकं प्रेम आहे तर तिथल्या दोन-चार विद्यार्थ्यांना आणायचं काम तुमच्याकडे. पोस्टकार्डं माझा भाऊ टपाल कार्यालयातून आणेल.

शाली मात्र आधीच घेऊन झाल्या होत्या. त्या परत करायला भाऊ दुकानात गेला, तर मालकांनी पेपरातून मान वर न करता भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. तेव्हा १४ शाली आहेत. थंडीत पुण्यात येणाऱ्यांनी कळवावं.

– कार्यवाह