ट्रंकेतली स्पूल टेप: फौजींपुढचा हा कार्यक्रम नेमका कधीचा, आणि टेप वाचवायची कशी?

सीताबर्डीकर
एका दिवंगत सुभेदारांच्या कामठीच्या घरून आमच्या वाचनालयाकडे ट्रंक आलीये. आत ५ इंची स्पूल टेप, डब्यावर बॉलपेनने ‘१९६५ लढाई, सिनेमावाल्यांचा प्रोग्राम, बॉर्डर’ एवढंच. शिवाय एक १२ इंची तबकडी (लेबलवर व्ही-डिस्क), चिकट पानांच्या अल्बमात ११ फोटो, सह्यांची वही आणि आंतरदेशीय पत्रांचा गठ्ठा. घरच्यांच्या मते लढाई सुरू असतानाच नर्गिस-सुनील दत्तचं पथक आलं होतं आणि टेपमध्ये तोच कार्यक्रम आहे. डबा उघडला की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. स्पूल प्लेअर मिळतोय. सरळ लावून बघू का? १५ ऑगस्टच्या प्रदर्शनात ठेवायचंय. सध्या ट्रंक कूलरच्या खोलीत आहे.

फीतवाला
लावू नका भाऊ, आणि आधी ट्रंक कूलरच्या खोलीतून काढा. नागपूरच्या मे महिन्यात बाहेरची हवा कोरडी असते, पण खसच्या ताट्यासमोर दमट होते. टेपला बुरशी तिथेच धरते. माळाही नको, स्लॅब तापतो. आतल्या भिंतीशी लोखंडी कपाट, खालून दुसरा कप्पा.

आता वास. स्पूल खिडकीच्या उजेडापुढे आडवी धरून कडेने बघा. गुंडाळीतून तपकिरी उजेड आरपार आला तर टेपचा प्लास्टिकचा पाया अ‍ॅसिटेटचा, म्हणजे टेप अ‍ॅसिटेटची, काळी ठक्क दिसली तर पॉलिएस्टरची. आंबूस वास अ‍ॅसिटेटलाच येतो. तिचा पाया कुजून अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं आणि त्या वाफेने शेजारच्या टेपाही लवकर बिघडतात. म्हणून ती वेगळी ठेवा, हवाबंद डब्यात कोंडू नका. कागदी खोका चांगला.

नेटवर टेप ‘भाजायचा’ सल्ला सापडेल, साधारण ५० ते ५५ अंशांवर काही तास. ते नंतरच्या काळातल्या चिकट झालेल्या पॉलिएस्टर टेपेचं औषध आहे. अ‍ॅसिटेट भाजली तर ती आक्रसून वाकडी होईल.

वाजवताना: हेड (टेप वाचणारा भाग) आणि गाईड (टेपला वाट दाखवणारे खुंट) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, रबरी रोलरला ते लावू नका. फास्ट फॉरवर्ड अजिबात नाही, ताणाने कुजकी टेप तटकन तुटते. सुदैवाने अ‍ॅसिटेट न ताणता स्वच्छ तुटते, त्यामुळे जोडता येते. पण जोडायला स्प्लायसिंग टेपच, म्हणजे टेप जोडायचीच खास चिकटपट्टी. सेलोटेपचा गोंद पाझरून वरचा थर खालच्याला चिकटतो.

५ इंची स्पूलवर साधारणपणे ६०० फूट टेप असते. सेकंदाला पावणेचार इंच वेगाला एका बाजूला ३२ मिनिटं. आवाजामागे उलटं बोलणं ऐकू आलं तर प्लेअरचं हेड आणि टेपचे ट्रॅक जुळत नाहीत. मशीन बदला, टेपवर राग काढू नका. रेकॉर्डिंग ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाईल. एका बाजूचे मोनो साधारण ५५० एमबी होतात. एमपी३ नंतर करा, मूळ म्हणून नको.

वेग बरोबर आहे का हे साथीच्या पेटीवरून (हार्मोनियम) कळतं. पेटीचे सूर ठरलेले असतात. गाणं काळी चार आणि पांढरी सहाच्या नेमकं मधे कुठेतरी लटकलं, तर वेग चुकलाय. सुमारे ६ टक्के फरकाला अर्धा स्वर सरकतो. थंडीत बॅटरी उतरली की रेकॉर्डर हळू फिरायचा, म्हणून आज नेमक्या वेगाने लावलं की आवाज चिरका येतो आणि शेवटाकडे आणखी चढतो. तशा टेपला पूर्ण लांबीला एकच दुरुस्ती लागू पडत नाही, दर चार-पाच मिनिटांनी पेटी तपासावी लागते.

टपालखुणा
टेप कुजतेय, पण तारीख पत्रांत आहे. पत्त्यावर ५६ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस, लष्करी टपालाचा पत्ता) असेल तर पश्चिमेकडची तैनाती, ९९ एपीओ असेल तर पूर्वेकडची. शिक्क्यात फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि तारीख मिळते. लष्करी टपाल जमवणाऱ्यांकडे या नंबरांच्या याद्या असतात. बाकी आर्मी पोस्टल सर्व्हिसचं सेंटर कामठीतच आहे, रीतसर अर्ज करून विचारायला हरकत नाही. डिस्चार्ज बुकातल्या (निवृत्तीच्या वेळी मिळणारं सेवापुस्तक) पलटणीशी ताडून बघा.

‘लढाई सुरू असतानाच’ हे शब्द जपून घ्या. १९६५ चा युद्धविराम २३ सप्टेंबरचा, पण फौजा मोर्च्यांवरून हलल्या ताश्कंद करारानंतर, २५ फेब्रुवारी १९६६ पर्यंत. मधले पाच महिने जवानांच्या लेखी लढाईचेच. गोळीबाराच्या दिवसांत ट्रकवर माईक लावून पथक नाचवणं अवघडच, असे कार्यक्रम बहुधा या काळात किंवा इस्पितळांत होत. सुनील दत्त-नर्गिसचं अजंता आर्ट्सचं पथक १९६२ च्या युद्धानंतर सीमेवर जायला लागलं. म्हणजे तुमच्याकडचा दावा अशक्य नाही, सिद्धही नाही.

गाणी नीट ऐका. गाण्यावरून ‘याआधीचं नाही’ एवढं ठरतं, पुढचं नाही. ‘ऐ मेरे वतन के लोगों’ असेल तर टेप २७ जानेवारी १९६३ नंतरची, कारण ते पहिल्यांदा त्या दिवशी दिल्लीत गायलं गेलं. बासष्टच्या लढाईत खंदकात ते ऐकल्याचं सांगणारे भेटतात. खोटं बोलत नाहीत, दोन वर्षं एकात मिसळतात.

आणखी एक सापळा: लाऊडस्पीकरवर वाजलेली तबकडी टेपमध्ये ‘कलाकाराचं गाणं’ होऊन बसते. खरखरीत टिक-टिक नियमित येते का पाहा. साधारण पाऊण सेकंदाला आली तर मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी, १.८ सेकंदाला आली तर एलपी.

सीताबर्डीकर
उजेड आरपार येतोय, म्हणजे अ‍ॅसिटेटच. व्ही-डिस्क पण त्याच कार्यक्रमातली का?

टपालखुणा
नाही. व्ही-डिस्क १९४३ ते १९४९ मध्ये अमेरिकी सैन्यासाठीच निघायच्या. १२ इंच, ७८ फेरे, एका बाजूला साडेसहा मिनिटांपर्यंत. बर्मा आघाडीमुळे अमेरिकी फौजा भारतात होत्या, तिथून ती हातोहात आली असेल. ६५ च्या शेजारी मांडू नका, वेगळा कोपरा द्या. एलपीची बारीक सुई नको, ७८ ची जाड लागते, साधारण ३ मिल (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक मिल). बहुतेक व्हिनाइलच्या, पण काही लाखेच्याही निघाल्या. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून डिस्टिल्ड पाणी आणि मऊ कापड. लेबल कोरडं ठेवा.

रंगपेटी
फोटो आणि वहीबद्दल कुणी बोललं नाही. चिकट पानावरून फोटो ओढू नका. दात साफ करायचा बिनमेणाचा धागा मागे सारून करवतीसारखा हळूहळू न्या. त्याआधी अख्खं पान जसंच्या तसं स्कॅन करा, क्रमही पुरावाच असतो. सुटे फोटो दोन्ही बाजूंनी ६०० डीपीआयला, मागचा स्टुडिओचा शिक्का सुटता कामा नये.

वही लॅमिनेट केली तर भांडेन! उष्णतेने शाई पसरते आणि प्लास्टिक परत निघत नाही. प्रदर्शनात रंगीत प्रत ठेवा, मूळ वही कपाटात.

सुभेदारांच्या पलटणीतलं कुणी हयात असेल तर ‘नर्गिस आली होती ना?’ असं विचारू नका, हो म्हणतील. विचारा: मंच ट्रकचा होता की ड्रमांवर फळ्या? उजेड कशाचा, दिवसा की रात्री? अंगात स्वेटर की पार्का? जनरेटर कुठे उभा होता? यावरून महिना आणि उंची कळते. फोटो शेवटी दाखवा, आधी दाखवलात तर फोटोतलंच सांगतील.

सीताबर्डीकर
ट्रंक हलवली. सगळ्यात वरच्या पत्रावर ५६ एपीओ आहे, शिक्क्यात डिसेंबर वाचता येतोय, वर्ष पुसटलंय. भिंग आणतो.