मदत हवी आहे: उमेदवाराचा खर्चाचा हिशोब कुठे बघायला मिळतो?

परवा मित्राच्या बहिणीच्या लग्नात एका माजी आमदारांच्या शेजारी खुर्ची मिळाली, माणूस एकदम मोकळा. मी सहज विचारलं की साहेब विधानसभेला ४० लाखांची मर्यादा आहे मग एवढ्या गाड्या, एवढे मंडप बसतात कसे त्यात? तर हसले आणि म्हणाले, उमेदवाराला मर्यादा आहे, पक्षाला कुठे आहे! आणि मग खिशातला रुमाल काढून घाम पुसत म्हणाले की खरी दमछाक निकालानंतर होते, ३० दिवसात हिशोब द्यायचा असतो आणि पोरांनी फाडलेल्या पावत्या सापडत नाहीत.

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. आपण सगळे ईव्हीएम ईव्हीएम करत बसतो (व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कुणाला गेलं ते दाखवणाऱ्या यंत्राची, चिठ्ठी ७ सेकंद दिसते हेही निम्म्यांना माहीत नसतं) पण पैशाकडे कोणी बघतच नाही असं मला वाटतं.

तर प्रश्न असा, उमेदवाराने जमा केलेला हा हिशोब सामान्य मतदाराला बघता येतो का? शपथपत्रं आयोगाच्या साइटवर सापडली, मालमत्ता, केसेस सगळं आहे, पण खर्चाचं रजिस्टर काही मिळेना. जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे साधा अर्ज चालतो का माहिती अधिकारातच जावं लागतं? कोणी प्रत्यक्ष काढलं असेल तर प्लीज सांगा, ऐकीव नको. आणि सभेची खुर्ची, मंडप यांचे दर कोण ठरवतं तेही.