कोअर टू ड्युओवर पॉपकाउंट नाही, सिगइल पकडून सॉफ्टवेअरमध्ये चालवतोय पण प्रोग्राम लटकतो

जुनाडबा: कोअर टू ड्युओचा लॅपटॉप आहे, लिनक्स मस्त चालतं, पण एक प्रोग्राम उघडला की ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून लगेच मरतो. जीडीबी डिबगरमध्ये बघितलं तर पॉपकाउंट, म्हणजे आकड्यातले १ असलेले बिट मोजणारी इन्स्ट्रक्शन, ती या प्रोसेसरात नाहीच, इंटेलने नेहालेम पिढीपासून दिली. सोर्स हातात नाही, म्हणून सिगइलचा, म्हणजे इल्लीगल इन्स्ट्रक्शनवर कर्नल पाठवतो त्या सिग्नलचा, हँडलर लिहून एलडी प्रीलोडने (आपली लायब्ररी प्रोग्रामात आधी लोड करून) घुसवला, बिट मोजतो आणि उत्तर रजिस्टरमध्ये टाकतो. आता मरत नाही पण एक कोअर १०० टक्के आणि स्क्रीन ढिम्म. काय राहिलं?

बिटखाऊ: आरआयपी, म्हणजे कुठली इन्स्ट्रक्शन चालवायची तो पत्ता ठेवणारं रजिस्टर, पुढे सरकवलास का? फॉल्टमध्ये सेव्ह झालेला पत्ता त्याच इन्स्ट्रक्शनचा असतो, हँडलर संपला की सीपीयू परत तिथेच येऊन आपटतो. आणि सरसकट ४ मिळवू नको हां, पॉपकाउंटचे एफ३ ०एफ बी८ सी१ हे ४ बाइट, पण ६४ बिट रजिस्टर असेल तर एफ३ नंतर ४८ घुसतो आणि ५ होतात, मेमरीतून वाचत असेल तर अजून वाढतात. फ्लॅगपण बघ, इनपुट शून्य असेल तरच झेडएफ (झीरो फ्लॅग) १, सीएफ (कॅरी) ओएफ (ओव्हरफ्लो) वगैरे बाकी सगळे साफ.

चारशेशहाऐंशी: आमच्या ४८६एसएक्सची आठवण आली! त्यात एफपीयू, म्हणजे दशांश आकड्यांचं गणित करणारा भाग, नव्हतं, सीआर० या कंट्रोल रजिस्टरमधला ईएम बिट लावला की फ्लोटिंग पॉइंटची इन्स्ट्रक्शन इंटरप्ट ७ वर जायची आणि कर्नलमधला मॅथ एम्युलेटर हिशोब करून द्यायचा. तुझा इंटरप्ट ६, कर्नल त्याचाच सिगइल करून तुझ्याकडे पाठवतो. पण दरवेळी कर्नलमध्ये जा, हँडलरला या, परत जा, यात हजारो सायकल जातात. आतल्या लूपमध्ये असेल तर चहा टाकून ये. इन्स्ट्रक्शनच्या जागी आपल्या कोडकडे जाणारा जंप पॅच करू म्हणशील तर तो ५ बाइटचा, ४ बाइटच्या जागेत मावत नाही, तिथेच सगळी गोची आहे.

बिटखाऊ: एक राहिलं, त्या प्रोग्रामात एलझेडसीएनटी, म्हणजे आकड्याच्या सुरुवातीचे शून्य बिट मोजणारी इन्स्ट्रक्शन, आहे का ते ऑब्जडंपने (प्रोग्रामातल्या इन्स्ट्रक्शन दाखवणारं टूल) बघ. ती जुन्या प्रोसेसरवर फॉल्टच देत नाही, एफ३ सोडून देऊन गुपचूप बीएसआर, म्हणजे सगळ्यात वरचा १ कितव्या बिटवर ते सांगणारी इन्स्ट्रक्शन, म्हणून चालते. ३२ बिटमध्ये इनपुट १ असेल तर ३१ यायला हवं, येतं ०. हँडलरला पत्ताच लागत नाही. सापडली तर तिथे यूडी२, म्हणजे नेहमी फॉल्टच देणारी ०एफ ०बी, लिहून मुद्दाम फॉल्ट करायला लाव, मूळ बाइट मात्र आधी जपून ठेव.

जुनाडबा: आरआयपीच होता राव, डोक्यातच आलं नाही. प्रोग्राम उघडला, रखडतो पण चालतो. एलझेडसीएनटी दोन ठिकाणी निघाली, रात्री बसतो त्यावर.